वाव्हळेबाई आणि कॉलेजचा जावई

"ए पुणं, सरक तिकडं."

वाव्हळेबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी पुण्याची नाही, साताऱ्याची. पण बालाघाटाच्या डोंगरापलीकडं जे काही आहे ते बाईंच्या लेखी सरसकट पुणं होतं, आणि तिकडून येणारा प्रत्येक माणूस मराठवाड्याचं शुद्धलेखन तपासायला आलेला. मी तर कॉलेजात मराठीच शिकवायला आले होते, त्यामुळं गुन्हा शाबीतच होता. पुढची कितीतरी वर्षं आम्ही शेजारी बसलो, गंगाखेडला एका घरात भाड्यानं राहिलो, एकाच एस.टी.नं ये-जा केली. माझं खरं नाव बाईंना ठाऊक होतं की नाही, याची मला अजून शंका आहे.

आमचं कॉलेज गंगाखेडहून पालमकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. इमारत अर्धी बांधून झालेली, उरलेल्या अर्ध्या भागाच्या सळया आभाळाकडं तोंड करून उभ्या. स्टाफरूममध्ये बायका दोनच, गणिताच्या वाव्हळेबाई आणि मराठीची मी. आमच्या दोन खुर्च्या एका लोखंडी कपाटाच्या आड ठेवलेल्या होत्या. पुरुष मंडळींना मोकळेपणानं बोलता यावं म्हणून ही सोय होती म्हणे. प्रत्यक्षात मोकळेपणानं फक्त वाव्हळेबाईच बोलायच्या, आणि कपाटापलीकडची मंडळी श्वास रोखून ऐकायची.

बाई उंचीला कमी. मनगटावर पुरुषी घड्याळ, काखेत पुरुषी छत्री, पर्समध्ये खडू आणि मिसरीची डबी. मधल्या सुट्टीत त्या व्हरांड्यात उभ्या राहून मिसरी लावायच्या आणि समोरच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी चूळ टाकायच्या. प्राचार्यांनी एकदा आडून सुचवलं, की प्राध्यापिकेला हे शोभत नाही. आमचे प्राचार्य घरी काय बोलत असतील देव जाणे, पण कॉलेजात ते कायम सरकारी परिपत्रकासारखं बोलायचे.

"सदर सवय ही संस्थेच्या प्रतिमेस बाधक आहे, मॅडम."

"सर, तुमची तंबाखू खिशात ऱ्हाती म्हणून ती सुधारलेली, आन माझी डबीत ऱ्हाती म्हणून गावंढळ व्हय?"

प्राचार्यांचा हात नकळत खिशाकडं गेला. विषय संपला.

बाई एम.एस्सी. होत्या, औरंगाबादला शिकलेल्या, हवं तेव्हा माझ्यापेक्षा स्वच्छ पुस्तकी मराठी बोलू शकायच्या. पण बोलायच्या नाहीत. वर्गातसुद्धा त्यांचं गणित पालमच्या बाजारातल्या भाषेत चालायचं. फळ्यावर एखादी सिद्धता पूर्ण झाली की खडू आपटून म्हणायच्या, "हे सिद्ध झालं म्हणून खरं हाय. मी सांगितलं म्हणून न्हाई. माझं सांगणं खरं मानायला मी काय संस्थेची अध्यक्ष हाय?"

आणि एक शब्द त्यांना अजिबात खपत नसे: चालतंय. आमच्या भागात या एका शब्दावर सगळा संसार उभा आहे. नळाला पाणी नाही, चालतंय की. तास झाला नाही, चालतंय की. बाई लगेच विचारायच्या, "कुठं चालतंय? कुण्या गावाला चालतंय? पाय दाखव मला त्याचे."

मी रुजू झाल्याच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजात कॉम्प्युटर आला. कुठल्याशा अनुदानातून एकच मिळाला होता. औरंगाबादहून टेम्पोनं आणला. रस्त्याच्या खड्ड्यांना भिऊन शिपाई शेख चाचांनी त्याला चार गोधड्यांत गुंडाळलं होतं आणि स्वतः वाटभर त्याला मिठी मारून बसले होते. उतरताना म्हणाले, "इत्ता तो मैं अपने पोट्ट्यां को बी नई संभाला, मॅडम."

त्याच्यासाठी एक खोली रिकामी केली, तिला रंग दिला, खिडक्या बंद केल्या आणि एसी बसवला. जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा तेव्हा एसी मोजक्या लोकांनी पाहिलेला. दाराशी चपला काढायच्या, आत मोठ्यानं बोलायचं नाही, हात लावायचा नाही. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले. सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांच्यासोबत पूजेला गुरुजी होते, आणि गुरुजींची इच्छा अशी, की नारळ यंत्राच्या कोपऱ्यावरच वाढवावा, म्हणजे फळ लवकर मिळतं.

बाई मध्ये उभ्या राहिल्या. "फोडा की. उद्घाटन आन मयत एकाच मांडवात उरकंल."

नारळ उंबऱ्यावर फुटला. पाणी फरशीवरून वाहत वायरीपर्यंत गेलं तेव्हा चाचांनी आपली टोपी काढून त्यावर टाकली.

बाईंनी त्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, जावई. "बघ की गे," मला म्हणाल्या, "त्याला गार खोली पाहिजे. त्याच्यापुढं कुणी मोठ्यानं बोलायचं न्हाई. सगळ्यांनी त्याला जपायचं, आन त्यानं काय करायचं ते कुणालाच ठाव न्हाई." आठवडाभरात सगळं कॉलेज त्याला जावई म्हणायला लागलं. प्राचार्यसुद्धा एकदा चुकून म्हणून गेले, "सदर जावयाची खोली कुलूपबंद ठेवावी."

बाईंना प्रशिक्षणासाठी औरंगाबादला पाठवलं होतं, म्हणून खोलीची किल्ली त्यांच्याकडं आली. चेष्टा सगळी तोंडाची. त्या यंत्राचं बाईंना वेड लागलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची, पातळ चौकोनी फ्लॉपी घातल्याशिवाय त्याला आपण कोण हेसुद्धा आठवायचं नाही, आणि लाइट गेली की केलेलं सगळं पाण्यात. लाइट तर दिवसातून दहादा जायची. बाई कपाळावर हात मारायच्या, लाइट कंपनीच्या सात पिढ्यांची चौकशी करायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. उन्हाळ्यात अर्धा स्टाफ एसीत डुलक्या काढायला तिथं येऊन बसायचा. तेवढ्यापुरती सगळ्यांनाच विज्ञानाची गोडी लागली होती.

पण दुपारचा एक तास बाईंनी राखून ठेवलेला. राणीसावरगावच्या, पालमच्या बाजूनं एस.टी.नं येणाऱ्या पोरी त्या तासाला आत यायच्या. पोरंही यायची, पण पोरींची पाळी आधी. पहिल्यांदा आलेली पोर दारातच उभी राहायची.

"बाई, बिघडलं तर?"

"बिघडलं तर मी हाय की. तुझ्या हातानं बिघडण्याएवढं नाजूक असतं तर औरंगाबादच्या रस्त्यावरच मेलं असतं. बस."

एकदा एका पोरानं काहीतरी चुकीचं टाइप केलं आणि पडद्यावर चूक झाल्याचा इंग्रजी शेरा उमटला. पोरगं उभं राहिलं आणि यंत्राला म्हणालं, "सॉरी सर."

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "त्याला सॉरी म्हणू नको लेकरा. त्याला काय बी कळत न्हाई. काय बी कळत नसून रागावणारे आपल्याकडं आधीच लय हायत, त्यांना म्हण."

आता कुंडलीची गोष्ट सांगायलाच हवी.

त्या सुमाराला शहरात कॉम्प्युटरवर कुंडल्या काढून मिळू लागल्या होत्या. दादांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. आपल्या संस्थेत यंत्र असताना बाहेर कशाला जायचं, म्हणून दादांनी दोन्ही पत्रिका प्राचार्यांकरवी बाईंकडं पाठवल्या. बाई काही नाही म्हणाल्या नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आठ दिवस द्या म्हणाल्या.

आठ दिवसांनी दादा आले. सोबत व्याही, गुरुजी, गावातले चारदोन प्रतिष्ठित. सगळ्यांनी चपला काढल्या. बाईंनी मुलीचं नाव विचारलं, टाइप केलं. मुलाचं नाव विचारलं, टाइप केलं. जन्मवेळा घातल्या. यंत्र थोडं घुरघुरलं आणि पडद्यावर आलं: छत्तीसपैकी छत्तीस. इंग्रजी आकडे, पण वाचता आले सगळ्यांना. व्याह्यांनी दादांना मिठी मारली. गुरुजींचा चेहरा मात्र पडला, कारण त्यांनी मोठ्या प्रयत्नानं गुण चोवीसपर्यंत नेले होते.

"दादा," बाई म्हणाल्या, "यंत्र बरोबर सांगायलंय का, ते तपासून बघावं म्हणते."

आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी दादांचं नाव टाइप केलं, आणि त्याखाली दादांच्या जन्माच्या वैऱ्याचं, ज्यानं त्यांना सोसायटीच्या निवडणुकीत पाडलं होतं त्याचं. छत्तीसपैकी छत्तीस. मग प्राचार्यांचं नाव, आणि त्याखाली शेख चाचांचं. छत्तीसपैकी छत्तीस.

चाचा दारातून कळवळून म्हणाले, "या अल्ला! मेरा तो निकाह हो चुका, मॅडम!"

"भिऊ नका चाचा," बाई म्हणाल्या. "दादा, मी त्याला जे सांगितलं तेच ते सांगायलंय. कुणाची बी नावं टाका, छत्तीस. गुरुजी बी तेच करतेत, फक्त त्यांना लाइट लागत न्हाई."

लग्न झालं. चांगलं चाललंय असं ऐकते. पण दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली बाईंकडून काढून घेतली आणि ती प्राचार्यांच्या टेबलाच्या खणात गेली. जावई गार खोलीत कोंडला गेला. दुपारचा तास बंद झाला. पोरी काही दिवस दाराशी घुटमळल्या, मग यायच्या थांबल्या. बाई त्या दारावरून जाताना मान वळवायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, वाईट वाटत नाही का? तर म्हणाल्या, "मला कामून वाईट वाटंल? मी काय त्याची सासू हाय?" आणि त्या दिवशी घरी येऊन भाजीत दोनदा मीठ घातलं.

अशी दोनेक वर्षं गेली. एसी बिघडला, तो कुणी दुरुस्त केला नाही. तोवर परभणीला नव्या तऱ्हेचे रंगीत कॉम्प्युटर आले होते.

त्या वर्षीच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला. इतकी वर्षं त्या एका प्रश्नावर मराठवाडा पेटत आणि विझत राहिला होता. आमच्या कॉलेजच्या भिंतीवर दोन्ही बाजूंच्या घोषणा एकमेकींवर रंगवलेल्या होत्या, खालची कुठली आणि वरची कुठली हे रंगाच्या पोपड्यांवरून ओळखावं लागे. दोन दिवस एस.टी. बंद होती. सुरू झाली त्या दिवशी बाई पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन स्टाफरूममध्ये आल्या आणि प्रत्येकाच्या पुढं धरत फिरल्या. काहींनी घेतले, हातात हात घेऊन अभिनंदन केलं. काहींना अचानक उपवास आठवला. काहींना डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं.

कपाटाआड येऊन बसताना बाई मोठ्यानं म्हणाल्या, "पुणं, आज आपल्या स्टाफात डायबेटिस लय वाढलाय बघ. साथ दिसतीय." मग उरलेले पेढे चाचांना दिले. "आन गंमत बघ, एवढी वर्षं भांडून नाव मिळालं, तर आता आपल्या जिल्ह्याला नांदेडच्या नव्या विद्यापीठात टाकणार म्हणायलेत. आमचं नशीब बी काय टाइमटेबल बघून चालतं."

पण हसताना त्यांचे डोळे ओले होते. ते त्यांनी छत्रीच्या टोकाकडं बघत कोरडे केले.

त्याच आठवड्यात जावयाचा प्रश्न उभा राहिला. दादांनी जूनपासून कॉलेजात संगणक अभ्यासक्रम सुरू करायचं जाहीर केलं होतं. आगाऊ प्रवेश चालू झाले होते. खेड्यापाड्यांतून बाप लेकींना घेऊन यायचे, कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहायचे, फी भरून पावती घडी करून टोपीत ठेवायचे. अभ्यासक्रमाला विद्यापीठाची मान्यता हवी होती, पाहणीसाठी समिती येणार होती, आणि समितीला दाखवायला कॉलेजकडं एकच यंत्र होतं, तो कोंडलेला जावई. ते यंत्र ठेवण्यालायक आहे की मोडीत काढायचं, याचा लेखी अहवाल हवा होता. त्यासाठी कॉलेजातल्याच तीन माणसांची वेगळी समिती नेमली: प्राचार्य, वाव्हळेबाई आणि मी. मी कशाला, असं विचारलं तर प्राचार्य म्हणाले, "आपले अक्षर वळणदार आहे."

बाईंना त्यांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. दार उघडंच होतं.

"मॅडम, झाले गेले विसरून जा. सदर यंत्र उपयुक्त स्थितीत आहे एवढेच लिहायचे. नव्या विभागाचे प्रमुखपद आपल्याकडे. दादांनी शब्द दिला आहे. किल्लीही आजपासून आपल्याकडे."

त्यांनी खणातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती उचलली नाही. मग म्हणाल्या, "उद्या सांगते."

त्या दिवशी परतीच्या एस.टी.त बाई खिडकीशी बसल्या. गंगाखेडच्या अलीकडं रेल्वेचं फाटक लागलं. गाडी यायची होती, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. उसाच्या बैलगाड्या पुढंमागं उभ्या.

"अठ्ठ्याहत्तरला," बाई एकदम म्हणाल्या, "पावसाळ्याचे दिवस होते. मी सुट्टीला गावी आलेली. विद्यापीठाच्या नावावरून लोक आमच्या वस्तीवर यायलेत, असा सांगावा आला. जे हाती लागंल ते घेऊन निघा म्हणले. माझ्या मायनं पिठाचा डबा घेतला. मी काय घेतलं सांग?"

"पुस्तकं?"

"भूमितीचा कंपास. शाळेतला. एम.एस्सी.ला कंपास लागत बी न्हाई." त्या हसल्या. "आन माझ्या बापानं शिलाई मशीन डोक्यावर घेतली. बंद पडलेली मशीन. कैक वर्षांत तिनं टाका घातला नव्हता, वर मडकी ठेवायचो आमी. पण त्याच्या हातानं घेतलेली, वस्तीत पहिली. चिखलातून तेवढं लोखंड घेऊन चाललाय, घसरायलाय, उठायलाय. मी म्हणलं, बा, टाक ती. ऐकंना."

गाडीची शिट्टी लांबून ऐकू आली.

"आमची शेळी होती. गाभण. ती दावणीलाच बांधलेली राहिली. दावं सोडायचं कुणालाच सुचलं न्हाई. घर जाळलं त्यांनी." बाई खिडकीच्या गजाला धरून बाहेर बघत होत्या. "बापावर मी लय दिवस चिडले होते. मग कळलं, माणूस घाबरला की कामाचं उचलत न्हाई, मानाचं उचलतो. त्याचं मी माफ केलं. घाबरला होता तो. पण हे कॉलेजवाले कशाला घाबरलेत, सांग बरं मला?"

गाडी धडधडत गेली, फाटक उघडलं, आणि बाईंनी पुढं बसलेल्या माणसाला बिडी विझवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. चाचांनी बंद खिडक्या उघडल्या होत्या. प्राचार्यांनी उंबऱ्यावर सवयीनं चपला काढल्या. बाई चपलांसकट आत गेल्या, यंत्रावरचं धूळभरलं कापड काढलं आणि हातानं पडदा पुसला, अगदी लहान लेकराचं तोंड पुसावं तसा. बटण दाबलं. दिवा लागला.

"लागला!" प्राचार्य म्हणाले. "यंत्र चालू आहे. लिहा, मॅडम."

"दिवा तर देव्हाऱ्यात बी लागतोय, सर. देव काय टायपिंग करून देतो का?"

बाईंनी फ्लॉपी घातली. घुरघुर झाली. दुसरी घातली. तिसरी घातली. चाचा चहा घेऊन आले, आम्ही चहा प्यायलो, चाचा कप घेऊन गेले. चौथ्या फ्लॉपीवर पडद्यावर हिरवी अक्षरं आली, अर्धी ओळ उमटली आणि थिजली. बाईंनी कळा दाबून पाहिल्या. वायरी हलवल्या. बंद करून पुन्हा सुरू केलं. मला वाटतं, अर्धा तास त्या आमचं अस्तित्व विसरल्या होत्या. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या, शिव्या असतील किंवा विनवण्या. पुन्हा अर्धी ओळ आली, पुन्हा थिजली.

बाईंनी पदरानं हात पुसले.

"सर, मी तीन गोष्टी विचारते. एक, हे काय करतंय? काय बी न्हाई. दोन, दुरुस्त होईल का? याचे भाग आता औरंगाबादला बी मिळत न्हाईत, मी मागंच विचारून ठेवलंय. तीन, हे गेलं तर रडंल कोण?"

प्राचार्य सावरून बसले. "भावनेचा येथे प्रश्न नाही."

"हाय की. मी रडीन. लय रडीन. ह्या खोलीत माझ्या जिंदगीतले सगळ्यात चांगले दिवस गेलेत. पण माझ्या रडण्यासाठी राणीसावरगावच्या पोरींनी फी कामून भरायची?"

"अहो मॅडम, समितीला दाखवण्यापुरते तर चालतंय की!" घाईत प्राचार्यांचं परिपत्रक सुटलं आणि ते आमच्यासारखंच बोलले.

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. नेहमीचा प्रश्न विचारतील असं मला वाटलं. पण त्या हळू आवाजात, पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "सर, या यंत्रावर कुणालाही काहीही शिकवता येणार नाही. आपण मुलींना फसवतो आहोत." वळून मला म्हणाल्या, "लिही, पुणं. ठेवण्यालायक न्हाई."

मी वळणदार अक्षरात लिहिलं. बाईंनी सही केली. मग मी केली. त्यात माझं शौर्य काही नाही, बाईंचं कोपर माझ्या बरगडीत होतं. प्राचार्यांनी बराच वेळ पेनचं टोपण उघडलं, लावलं, उघडलं. शेवटी आपल्या सहीशेजारी "असहमत" लिहिलं. त्यानं काही फरक पडणार नव्हता. दोन विरुद्ध एक.

दादा भडकले, हे वेगळं सांगायला नको. समितीची पाहणी पुढं ढकलली गेली. बातमी खिडकीपर्यंत पोचली तसे बाप लोक टोप्यांतून पावत्या काढून कार्यालयात येऊन बसले, आणि फी परत करावी लागली. बाईंना काढून टाकणं शक्य नव्हतं, नोकरी अनुदानावरची होती. म्हणून त्यांना सकाळचा पहिला तास दिला, ज्यासाठी पहाटेची एस.टी. धरावी लागे, आणि वर सांस्कृतिक समितीत टाकलं. स्नेहसंमेलनात बाईंनी कोळीनृत्य बसवलं. ते कसं झालं ते मी सांगणार नाही, नाचलेली मंडळी अजून हयात आहेत.

मोडीत काढायची मंजुरी आली तेव्हा भंगारवाला गाडा घेऊन यायच्या आदल्या दिवशी बाईंनी चाचांकडून पेचकस मागवले. कडुनिंबाखाली सतरंजी घातली, जावयाला मधोमध ठेवलं आणि पोरींना बोलावलं.

"आता बिघडायचं भ्या न्हाई. खोला."

पोरी आधी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग एकीनं पहिला स्क्रू फिरवला. तासाभरात यंत्राचा एकेक भाग सतरंजीवर मांडला होता आणि बाई छत्रीच्या टोकानं दाखवत होत्या, इथं स्मरण, इथं हिशोब, इथून लाइट. आतून एक वाळलेली पाल निघाली. "आन हे आपलं व्यवस्थापन," बाई म्हणाल्या. पोरी खिदळल्या. मी व्हरांड्यातून बघत होते. मघापासून बाईंनी नाकाला लावलेला पदर काढला नव्हता, धुळीमुळं असेल.

मे महिन्यात मला साताऱ्याजवळ नोकरी मिळाली. जूनमध्ये कागदपत्रं घ्यायला मी शेवटची कॉलेजात गेले. बाहेर एस.टी. उभी होती, ड्रायव्हर चहाला उतरलेला, तेवढ्या वेळात बाईंना भेटून यावं म्हणून मी वर्गांच्या बाजूला धावले.

त्यांचा वर्ग रिकामा होता. फळ्यावर खडूनं कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना लिहिलेल्या होत्या, प्रत्येक ओळीला क्रमांक घालून. मागच्या मोकळ्या जागेत गलका चालला होता. तिथं पोरी गोल करून उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठ्यावर लिहिलेला आकडा. दहा, वीस, तीस, चाळीस. दहा नंबरची पोर फळ्यावरची आपल्या क्रमांकाची ओळ ओरडायची आणि विसाला हात लावायची, वीस तिसाला, तीस चाळिसाला. चाळीस नंबरच्या पाटीवर "विसाकडं जा" असं लिहिलेलं होतं, म्हणून ती धावत जाऊन विसाला शिवायची, आणि फेरा पुन्हा सुरू. वीस, तीस, चाळीस, पुन्हा वीस. चाळीस नंबरची घामानं निथळत होती, पण पळत होती.

"बाई, थांबू का?" ती ओरडली.

वाव्हळेबाई मध्ये उभ्या होत्या. हातात खडू, पदर खोचलेला, घड्याळ कोपरापर्यंत वर सरकवलेलं.

"थांबायचं कुठं लिहिलंय? वाच बघू!"

"कुठंच न्हाई!"

"मग कशी थांबतीस? पळ!"

बाहेर हॉर्न वाजला. मी हात वर केला, हाक मारली. बाईंनी पाहिलं की नाही कळलं नाही. त्या हसत होत्या, ठसका लागेपर्यंत, आणि चाळीस नंबरची पोर विसाकडं निघाली होती.